नजरगहाण कॉम्प्युटर

म्हशीसाठी कर्ज मिळायचं. शिलाई मशीनला, पिठाच्या गिरणीला, टेम्पोला मिळायचं, मुलीच्या लग्नालाही मिळायचं. १९९८च्या दिवाळीच्या सुमारास मी सांगलीतल्या एका पतसंस्थेत कॉम्प्युटरसाठी कर्ज मागायला गेले, तेव्हा शाखाधिकाऱ्यांनी चष्मा कपाळावर सरकवून विचारलं, "समजा तुमचे हप्ते थकले आणि आम्ही तो उचलून आणला, तर विकून किती येतील?"

प्रश्न चोख होता आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं. म्हैस आटली तरी बाजारात तिला भाव असतो. गिरणी दहा वर्षांनीही कोणीतरी घेऊन जातं. कॉम्प्युटरचं तसं नाही, हे तेव्हा साहेबांना नुसतं वाटत होतं. आज ते सरकारी कागदावर आहे. आयकराच्या घसाऱ्याच्या, म्हणजे दरवर्षी वस्तूची किंमत किती उतरली धरायची याच्या, तक्त्यात फर्निचरला वर्षाला १० टक्के घसारा, साध्या यंत्रांना १५ आणि संगणकाला ४०. २०१७ पर्यंत तो ६० टक्के होता. ४० टक्क्यांनी धरलं तरी लाखाचं मशीन तिसऱ्या वर्षाअखेर हिशोबात २१,६०० रुपयांचं उरतं. तारण म्हणून असली वस्तू कोण घेईल?

तरी मला ती हवी होती, आणि हौस म्हणून नव्हे. मी सांगलीच्या खणभागातल्या एका प्रेसमध्ये डीटीपी, म्हणजे कॉम्प्युटरवर छपाईची पानं जुळवायचं काम, करायचे. छपाईला अक्षरांचे खिळे जुळवायचे दिवस संपत आले होते, सगळं ऑफसेटवर चाललं होतं. पेजमेकरमध्ये मजकूर लावायचा, ट्रेसिंग पेपरवर प्रिंट काढायची, ती प्लेटवाल्याकडे पाठवायची. काम येत होतं, हात बसला होता, पण मशीन मालकाचं. त्यामुळे पानामागे गिऱ्हाईक जे देई त्यातलं माझ्या वाट्याला येई ते महिन्याच्या पगारात, आणि पगार किती, तर पूर्ण महिना राबून एक बरी सायकल येईल इतका. लोक म्हणायचे, थांब, दोन-चार वर्षं साठव आणि मग रोखीनं घे. हा सल्ला देणाऱ्याचा हेतू चांगला असतो, हिशोब मात्र कच्चा असतो. साठवायची ती दोन-चार वर्षं मालकाच्याच मशीनवर काढायची, म्हणजे ज्या पगारातून काही उरत नाही त्याच पगारात. अंथरूण पाहून पाय पसरावेत हे खरं. पण ज्याचं अंथरूणच वीतभर, त्यानं जन्मभर गुडघे पोटाशी घेऊन निजायचं का, याचं उत्तर त्या म्हणीत नाही.

सगळं मिळून आकडा ८० हजारांच्या घरात जात होता. सेलेरॉनचा असेंबल्ड पीसी, ३२ एमबी रॅम, १४ इंची रंगीत मॉनिटर, यूपीएस आणि एक वापरलेला लेझर प्रिंटर. लेझर प्रिंटर नवा घ्यायची ऐपत नव्हती आणि त्याच्याशिवाय डीटीपीला अर्थ नव्हता. वीसेक हजारांची सोय भिशीतून झाली. माझा नंबर लांब होता, पण गल्लीतल्या बायकांनी "हिचं काम मोठं आहे, हिला आधी देऊन टाका" म्हणून पुढे सरकवून दिला. त्यासाठी कोणी कागद केला नाही. उरलेले ६० हजार कर्ज.

कॉम्प्युटरच्या दुकानदाराकडे स्वतःची योजना होती. जामीनदार नको, फक्त पुढच्या तारखांचे चेक द्या, १२ टक्के व्याज. पतसंस्थेचं १८. मी दुकानदाराकडेच जाणार होते, कारण बारा हे अठरापेक्षा कमी असतात हे मला चौथीपासून माहीत होतं. तेव्हा प्रेसमध्ये रोज संध्याकाळी पिग्मीवाले काका यायचे. दहा-दहा, वीस-वीस रुपये गोळा करून कार्डावर सही करणारा माणूस. टेबलावर बसून चहा घेईपर्यंत गावभरचे हिशोब सांगायचा. त्यांनी रद्दीतली एक लग्नपत्रिका उचलली, कोऱ्या बाजूवर पेन चालवायला लागले.

"दुकानदाराचे बारा टक्के फ्लॅट आहेत. साठ हजारांवर दोन वर्षांचं व्याज चौदा हजार चारशे. चोवीस हप्ते एकतीसशेचे. बरोबर? आता वीस हप्ते भरल्यावर तुझ्याकडे त्याची मुद्दल किती उरली?"

"दहा हजार."

"आणि व्याज कशावर देतेस?"

साठवरच. पतसंस्थेचे अठरा टक्के होते घटत्या शिलकीवर. दर महिन्याला जितकी मुद्दल उरेल तितक्यावरच. त्याचा हप्ता बसत होता तीन हजाराला पाचेक रुपये कमी, आणि दोन वर्षांचं एकूण व्याज ११,९००. म्हणजे बारावाला अठरावाल्यापेक्षा अडीच हजारांनी महाग! ते फ्लॅट १२ टक्के घटत्या शिलकीवर मोडून दाखवले तर साडेएकवीसच्या वर जातात. पुढे मी हे गणित कितीतरी जणांना त्याच पद्धतीनं, हातात सापडेल त्या कागदाच्या पाठीवर करून दाखवलं आहे, आणि प्रत्येक वेळी समोरचा आधी माझ्याकडेच संशयानं बघतो.

मग जामीनदार. आमच्याकडच्या गावांतून ज्याला कायमचा पगार आहे अशा माणसाला, विशेषतः शिक्षकांना, या गोष्टीचा किती त्रास असतो हे बाहेरच्याला कळणार नाही. पगारपत्रक असणारा माणूस दिसला की अर्धी गल्ली त्याच्याकडे संभाव्य जामीनदार म्हणून बघते. दोन जामीनदार लागत होते. एक प्रेसमधले मशिनमन झाले, त्यांची दुसऱ्या गावात थोडी जमीन होती. दुसरे आमच्या गल्लीतले सर. त्यांच्याकडे अर्ज घेऊन गेले तेव्हा त्यांनी सही करण्याआधी तासभर माझी तोंडी परीक्षा घेतली. दिवसाला पानं किती होतात? पानाला काय मिळतं? बिल किती दिवसांनी निघतं? प्रिंटर बिघडला तर दुरुस्ती कुठे, सांगलीत की पुण्याला? चातुर्मासात काय करणार, पत्रिका तर छापल्या जात नाहीत? वीज गेल्यावर यूपीएस किती मिनिटं टिकतो?

आधी राग आला. सही मागायला गेले होते, मुलाखत द्यायला नव्हे. पण त्यांना हक्क होता. सहकारी संस्थेचं कर्ज थकलं की सहकार कायद्याच्या कलम १०१चा वसुली दाखला निघतो, आणि तो निघाला की कर्जदारापाठोपाठ जामीनदाराच्या पगाराला हात लागतो. सरांच्या घरात दोन मुली शिकत होत्या. ते माझ्या कॉम्प्युटरवर स्वतःचा पगार लावत होते. शेवटी त्यांनी एक अट घातली: पहिल्या तीन हप्त्यांचे पैसे आधीच बाजूला काढून ठेवायचे, मगच मशीन घ्यायचं. त्यासाठी खरेदी दोन महिने लांबली. ती अट पतसंस्थेच्या कुठल्याच नियमात नव्हती.

कर्ज मंजूर झालं तेव्हा शेअर्सपोटी ५ टक्के कापून हातात ५७ हजार आले. हे तीन हजार कर्ज फिटल्यावर परत मिळतात, पण तेवढ्यापुरते नाहीतच, हे आधी लक्षात ठेवायला हवं. आणि मग मशीन नजरगहाण करायला पतसंस्थेचे क्लार्क घरी आले. नजरगहाण म्हणजे वस्तू तुमच्याकडेच, वापर तुमचा, पण संस्थेची नजर तिच्यावर. त्यांच्याकडे छापील फॉर्म होता आणि त्यात 'इंजिन क्र.' आणि 'चासी क्र.' असे दोन रकाने होते. मॉनिटरच्या पाठीमागे नंबर सापडला, तो त्यांनी इंजिनाच्या रकान्यात लिहिला. कॅबिनेट असेंबल्ड, त्याला नंबरच नाही. ते खाली बसून, मान वाकडी करून, सगळ्या बाजूंनी शोधत राहिले. शेवटी एसएमपीएसच्या, म्हणजे आतल्या वीजपुरवठ्याच्या डब्याच्या, पंख्याजवळ एक चिकटपट्टी दिसली, त्यावरचे आकडे चासीच्या रकान्यात गेले. ते आकडे व्होल्टेजचे असावेत असा मला दाट संशय होता, पण फॉर्म पुरा झाला. मग संस्थेच्या नावाची एक पाटी कॅबिनेटवर डकवली आणि तिच्या चारी कडांना लाखेसारखं काहीतरी लावलं.

मौज पुढेच आहे. सगळ्यात महागड्या वस्तूंपैकी एक त्यांना दिसलीच नाही. त्या काळी मराठी टाइप करायला श्रीलिपी, आकृती, आयएसएम अशी पॅकेजेस असत, सगळ्या भाषांना सामायिक असलेलं युनिकोड अजून आमच्यापर्यंत आलं नव्हतं. आमच्या पॅकेजला डोंगल होतं, प्रिंटरच्या पोर्टला मागून लावायचं, अंगठ्याएवढं कुलूप. ते नसेल तर फॉन्ट उघडत नाहीत. मी अर्जात सॉफ्टवेअरची किंमत धरली होती; पतसंस्थेनं ती काट मारून परत पाठवली. "जे दिसत नाही त्याला तारण कसं धरू?" त्यांच्या दृष्टीनं ठीकच. पण मशीन माझं पोट भरणार होतं ते त्या न दिसणाऱ्या गोष्टीवर. डबा तर कुठल्याही दुकानात तसाच होता. आजही हप्त्यावर कॉम्प्युटर घेणारे डब्याचा हप्ता मोजतात आणि सॉफ्टवेअरची वर्गणी, बॅकअपची डिस्क, यूपीएस हे सगळं "नंतर बघू" म्हणून सोडतात.

हप्ता सुरू झाला आणि १९९९ उजाडलं. त्या वर्षी अधिक ज्येष्ठ आला. मेच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंत, म्हणजे ऐन लग्नसराईच्या शेपटीवर, महिनाभर मुहूर्त नाही. त्याच्यामागून निज ज्येष्ठ आणि मग चातुर्मास. पंचांग इतकं बारकाईनं मी आयुष्यात आधी पाहिलं नव्हतं. हप्ता मात्र दर महिन्याच्या दहा तारखेला, त्याला ना अधिक मास ना पितृपंधरवडा. सरांनी बाजूला काढायला लावलेले तीन हप्ते त्या उन्हाळ्यात खर्ची पडले.

तारलं निवडणुकीनं. सप्टेंबरमध्ये लोकसभा आणि विधानसभा एकदम आल्या. हँडबिलं, मतदार चिठ्ठ्या, जाहीरनामे, 'आपला नम्र' असलेली पत्रकं. श्रावणात रात्री दोन-दोन वाजेपर्यंत प्रिंटर तापत होता. निवडणुकीच्या कामाचा एकच नियम प्रेसलाईनमध्ये सगळ्यांना ठाऊक असतो: पैसे आधी. निकालानंतर जिंकलेला भेटत नाही आणि हरलेला देत नाही.

त्याच सुमारास दुकानदाराच्या फळ्यावर माझ्या मशीनसारखंच मशीन दहा-बारा हजारांनी स्वस्त लिहिलेलं दिसलं. पेंटियम थ्री बाजारात आलं होतं आणि खालचं सगळं घसरलं होतं. अर्ध्याहून जास्त हप्ते बाकी होते. बघणारे म्हणाले, बघ, थांबली असतीस तर. पण थांबले असते तर पत्रिका, निवडणूक, एका वकिलाचं पुस्तक हे सगळं दुसऱ्याच्या मशीनवर झालं असतं. कॉम्प्युटरचा भाव नेहमीच पुढच्या वर्षी उतरतो. त्याची वाट बघत बसायचं तर कोणीही कधीच घेऊ नये.

हे सगळं पुन्हा आठवलं ते माझ्या भाचीमुळे. ती पुण्यात असते, जाहिरातींसाठी थ्रीडीची आणि व्हिडिओची कामं घेते. तिनं फोन केला, "मावशी, लॅपटॉप घेतेय. नव्वद हजार. नो कॉस्ट ईएमआय, दहा-दहा हजाराचे नऊ. एक पैसा व्याज नाही."

मी म्हटलं, एक कागद घे.

२०१३च्या सप्टेंबरमध्ये रिझर्व्ह बँकेनं बँकांना स्पष्ट बजावलं होतं की शून्य टक्के व्याज ही चीजच अस्तित्वात नसते, व्याज प्रोसेसिंग फीच्या नाहीतर दुसऱ्या कशाच्या आड दडवलेलं असतं. त्यानंतर पाटी बदलली, खेळ तोच. बँक समजा १६ टक्क्यांनी कर्ज देते. नऊ महिन्यांचं व्याज होतं ५,७०० रुपयांच्या आसपास. तेवढी सूट विक्रेता आधी देऊन टाकतो, त्यामुळे कर्ज पडतं ८४,३०० चं आणि व्याज धरून बेरीज परत ९० हजार. इथपर्यंत खरंच फुकट दिसतं. पण क्रेडिट कार्डावरच्या त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी लागतो, तो कोणी सोडत नाही, झाले हजार. प्रोसेसिंग फी आणि तिच्यावरचा जीएसटी वेगळा. आणि मुख्य म्हणजे जी सूट विक्रेता व्याजाच्या नावानं देतोय, ती रोख देणाऱ्याला का देणार नाही? विचारून तर बघ.

तिनं विचारलं. एका दुकानानं साडेतीन हजार कमी केले. म्हणजे नो कॉस्टची कॉस्ट साडेचार हजारांच्या वर गेली. ती फार नाही, हे मीही मान्य करते. नऊ महिन्यांच्या उधारीला एवढे पैसे गेले तर बिघडत नाही. खरा घोळ दुसरीकडे आहे. कार्डाची तेवढी मर्यादा अडकून पडते, आणि एखादं बिल पूर्ण न भरता 'किमान देय' भरून पुढे ढकललं, तर बऱ्याच कार्डांवर महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज सुरू होतं. वर्षाचे चाळीसच्या वर. तिथे माझ्या त्या दुकानदाराचे साडेएकवीससुद्धा देवमाणसाचे वाटतात.

तिला कर्ज किती वेळात मंजूर झालं? चहा उतू जायच्या आत. फोनवर ओटीपी, बस. जामीनदार नाही, शेअर्स नाहीत, घरी येऊन चासी नंबर शोधणारं कोणी नाही. क्रेडिट स्कोअर म्हणून ३०० ते ९०० मधला एक आकडा तिच्या नावावर आहे, तोच तिचा जामीनदार. ऑक्टोबर २०२४पासून बँकांना किरकोळ कर्जाबरोबर, क्रेडिट कार्डावरची उधारी सोडून, एक ठरलेल्या नमुन्याचा तक्ता द्यावा लागतो, त्यात सगळे खर्च धरून वर्षाचा खरा दर लिहिलेला असतो; पिग्मीवाल्या काकांनी पत्रिकेच्या पाठीवर केलं तेच. तसा तक्ता तिच्याही ईमेलमध्ये पडून होता. तिनं उघडला नव्हता.

मी जुन्या पद्धतीचे गोडवे गाणार नाही. माझ्याबरोबर प्रेसमध्ये एक बाई होती, माझ्याहून हात चांगला, कानामात्रा चुकायची नाही. तिच्या ओळखीत पगारदार कोणी नव्हतं, आणि जे होते ते तिच्या नवऱ्याच्या पिण्यामुळे सही करायला तयार नव्हते. तिला कॉम्प्युटर कधीच घेता आला नाही. आज तिला फोनवर कर्ज मिळालं असतं, नवरा कोण हे न विचारता. त्या तासभराच्या परीक्षेत पास व्हायला आधी परीक्षेला बसू देणारं कोणीतरी लागतं, ते मला होतं.

पण भाचीला मी सरांचेच प्रश्न विचारले, कारण बँकेनं एकही विचारला नव्हता. महिन्याला कामं किती येतात? पैसे कधी येतात? ती म्हणाली, एजन्सी पंचेचाळीस दिवसांनी देते, कधी साठ. हप्ता पाच तारखेला. म्हणजे तिचाही अधिक मास आहे, फक्त तो दर महिन्यालाच असतो. रेंडरला, म्हणजे कॉम्प्युटरनं थ्रीडीचं शेवटचं चित्र तयार करायला, आत्ता किती वेळ लागतो, नव्यावर किती लागेल, वाचलेल्या वेळात काम आणखी मिळणार आहे का? इथे ती अडखळली आणि मग चिडली. "मावशी, तू लोन ऑफिसर आहेस का?"

मग दोन दिवसांनी स्वतःच फोन केला. तिला लॅपटॉप लागतच नव्हता. काम घरीच एका टेबलावर होतं, क्लायंटकडे ती फोनवरच दाखवते. तेवढ्याच पैशांत डेस्कटॉप बराच ताकदीचा येतो आणि पुढे भागाभागानं वाढवता येतो. माझं मत तिच्याही पुढचं होतं. बजेट तंग असताना लोक करतात काय, तर हप्ता बसावा म्हणून मशीन खाली उतरवतात: रॅम अर्धी, ग्राफिक्स कार्ड जुनं. उधारीवर घेतलेलं अपुरं मशीन हा सगळ्यात महाग सौदा. ते हप्ता खातं आणि कामही अडवतं. त्यापेक्षा जे आज कमावणार आहे ते पूर्ण घ्या, आणि बाकीच्या जागा मोकळ्या ठेवा.

शेवटी ठरलं ते असं. मदरबोर्डवर रॅमच्या चार खाचा, त्यांतल्या दोनच भरलेल्या. उरलेल्या दोन रॅमचे भाव जरा खाली आले की. मॉनिटर एका मैत्रिणीकडचा वापरलेला. कर्ज ९० ऐवजी ६० हजारांचं, सहा महिन्यांचं, आणि तीन हप्त्यांचे पैसे आधीच एका वेगळ्या खात्यात. हप्त्याची तारीख पाचवरून वीस करून घेतली, त्यासाठी कस्टमर केअरला चिकाटीनं फोन करावे लागले. एजन्सीला तिनं निम्मे पैसे आगाऊ मागितले. एकीनं दिले, दुसरीनं विचार करतो म्हणून सांगितलं आहे. ग्राफिक्स कार्डावरून आमचं अजून जमलेलं नाही. मी म्हणते एक पायरी खालचं पुरे, आणि ती मला रेंडरच्या वेळांचे स्क्रीनशॉट पाठवत असते.